आधी टायर, मग रिम आणि गरज उरलीच तर स्पेसर

ऑफरोड गाडीला 50 मिमीची लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारं किट, बसली की आधी नजरेत भरते ती चाकावरची पोकळी. पूर्वी जिथे चार बोटं जेमतेम जायची, तिथे आता अख्खा पंजा आरामात फिरतो. मग मनात हिशेब सुरू होतो, की इथे दीड-दोन इंच मोठा टायर सहज बसेल. बसतोही, पण गाडी सपाट जागेवर उभी असते तोवरच. पुढे कधीतरी स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असतं, पुढचं एक चाक दगडावर चढलेलं असतं आणि आतून कर्रकन घासल्याचा आवाज येतो.

असं का होतं हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. सस्पेन्शन लिफ्टमुळे गाडी उभी असताना उंच राहते. स्प्रिंग पूर्ण दबली की मात्र चाक वर जाऊन बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची धाव अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, थांबतं, आणि बंप स्टॉप जिथे होता तिथेच असतो. चाक वर जाऊन जाऊन कुठवर जाईल, ती हद्द लिफ्टने बदलत नाही. काही किटमध्ये बंप स्टॉप लांब करणारे तुकडे दिलेले असतात, तेव्हा ही हद्द थोडी खाली येते. बॉडी लिफ्टमध्ये तर बॉडीच चॅसीपासून वर उचलली जाते, त्यामुळे फेंडर खरोखर लांब जातो. तुमच्या गाडीत यापैकी काय झालंय ते किटच्या कागदावर बघा किंवा खाली वाकून स्वतः पाहा.

बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. गाडी रुंद दिसावी म्हणून आधी स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसवून चाक बाहेर सरकवणारी धातूची चकती, घेतात, मग त्यावर टायर बघतात आणि शेवटी कुठे घासतंय ते शोधत बसतात. माझा आग्रह असा आहे, की आधी टायर ठरवा, मग रिमचा हिशेब करा आणि मोजल्यावर आतल्या बाजूला फट कमी पडली तरच, जेवढी कमी पडली तेवढाच स्पेसर घ्या.

पायरी 1: आत्ता काय बसवलंय ते लिहून काढा

एक वही घ्या. टायरच्या साइडवॉलवरचा आकडा उतरवा, समजा 265/70R17. रिमच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्यांच्या मागे कोरलेले आकडे शोधा. तिथे 7.5J सारखी रुंदी आणि ET30 सारखा ऑफसेट मिळतो. मग पीसीडी, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या वर्तुळाचा व्यास, सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधल्या भोकाचा व्यास, आणि स्टडचा आटा यांची नोंद करा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीने ठरवलेला टायरचा साइझ आणि हवेचा दाब असतो, तोही लिहा. नंतर पदोपदी हे पान उघडावं लागतं.

265/70R17 या आकड्यात सगळं सांगितलेलं आहे. 265 ही मिलिमीटरमधली रुंदी. 70 म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 70 टक्के, इथे 185.5 मिमी. 17 हा रिमचा इंचातला व्यास, म्हणजे 431.8 मिमी. साइडवॉल वर आणि खाली अशी दोनदा धरायची. त्यामुळे टायरची पूर्ण उंची 431.8 अधिक 371, म्हणजे 802.8 मिमी किंवा जवळपास 31.6 इंच.

आता 285/70R17 घ्या. साइडवॉल 199.5 मिमी आणि पूर्ण उंची 830.8 मिमी, म्हणजे 32.7 इंच. लोक ज्याला सरसकट ‘33 चा टायर’ म्हणतात तो हाच. उंचीत फरक 28 मिमीचा आहे, पण जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या निम्मी, 14 मिमी. उरलेले 14 मिमी वर, फेंडरच्या दिशेने जातात. या 14 मिमीसाठी किती उलाढाल करायची, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. मला स्वतःला ते 14 मिमी महत्त्वाचे वाटतात, कारण लिफ्टने बॉडी उंचावते, पण डिफरन्शियलचा गोळा आणि अॅक्सल उंचावतो तो फक्त मोठ्या टायरने.

पायरी 2: टायरची उंची ठरवा, रुंदी नंतर

नवख्या माणसाची नजर रुंद टायरवर जाते. माझं मत उलटं आहे. अडथळे ओलांडायला उंची कामी येते आणि घासाघासीचं मूळ बहुतेक वेळा रुंदीत असतं. 255/85R16 हा साइझ बघा. उंची सुमारे 840 मिमी, म्हणजे 33 इंचांहून किंचित जास्त, आणि रुंदी फक्त 255. असा उंच-अरुंद टायर वळताना आत कमी घासतो, त्यामुळे बऱ्याचदा स्पेसरची गरजच उरत नाही. वाळूत मात्र रुंद टायरचा फायदा आहेच, तिथे वजन पसरलेलं बरं.

उंची वाढली की गाडीच्या बाकीच्या गोष्टीही बदलतात. 802.8 वरून 830.8 ही वाढ साधारण साडेतीन टक्के आहे. स्पीडोमीटरवर आधी होता त्याच काट्याला गाडी आता साडेतीन टक्के जास्त वेगाने जाते, म्हणजे जिथे 100 होते तिथे साडेतीन वाढले. गिअरही तेवढेच ‘लांब’ होतात. डिफरन्शियलचं गुणोत्तर 4.10 असेल तर ते 3.96 असल्यासारखं वागतं. इतपत फरक बहुतेक इंजिनं सोसतात. पण 31.6 वरून एकदम 35 इंचांवर उडी मारलीत तर वाढ जवळजवळ 11 टक्के होते. मग चढावर गिअर सतत खाली टाकावा लागतो, ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि डिफरन्शियलचे गिअर बदलण्याचा खर्च समोर उभा राहतो. पहिल्या खेपेला मूळ साइझपेक्षा इंच-सव्वा इंच, याहून पुढे जाऊ नका.

साइझपाठोपाठ येतो लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा. 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो, 116 म्हणजे 1250 आणि 121 म्हणजे 1450 किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकडा कधीही घेऊ नका. रुफ रॅक, विंच, पाण्याचे कॅन, जादा बंपर हे सगळं वजन शेवटी याच चार टायरवर येतं. साइझच्या आधी LT (लाइट ट्रक) लिहिलेला टायर कापाकापीला जास्त टिकतो, पण तो जड आणि कडक असतो. तेच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, म्हणून दारावरच्या पट्टीवरचा दाब त्याला डोळे झाकून लावता येत नाही. टायर कंपनीचा लोड आणि दाबाचा तक्ता मागून घ्या.

एटी (ऑल-टेरेन) की एमटी (मड-टेरेन), यावर मी फार वेळ घालवणार नाही. आठवडाभर डांबरी रस्ता आणि सुट्टीत माती असेल तर एटी घ्या. चिखल आणि खडक हेच मुख्य काम असेल तर एमटी. फक्त एक लक्षात ठेवा, एमटीच्या खांद्यावरचे ठोकळे बाहेर आलेले असतात. एकाच आकड्याचा एमटी टायर प्रत्यक्षात एटीपेक्षा रुंद भरू शकतो. कंपनीच्या तक्त्यात टायरची प्रत्यक्ष रुंदी आणि ती कुठल्या रुंदीच्या रिमवर मोजली हे दिलेलं असतं, ते वाचा. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरही साधारण 5 मिमीने आकसतो.

आणि स्टेपनी विसरू नका. पाचवा टायरही त्याच उंचीचा हवा. चारचाकी ड्राइव्ह लावून एक चाक वेगळ्या उंचीचं फिरवलं तर डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवर) ताण येतो. नवा टायर स्टेपनीच्या जागेत मावतो का, तेही आत्ताच बघा.

पायरी 3: आत किती, बाहेर किती

हा भाग अवघड वाटतो, पण वही उघडली की दहा मिनिटांचं काम आहे.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. तो धन असेल तर हा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असतो, म्हणजे रिमचा जास्त भाग गाडीच्या आत जातो. ET30 म्हणजे 30 मिमी धन.

आता हिशेब. 265 च्या टायरची निम्मी रुंदी 132.5. त्यात 30 मिळवले की टायरची आतली भिंत हबच्या पृष्ठभागापासून 162.5 मिमी आत येते. 30 वजा केले की बाहेरची भिंत 102.5 मिमी बाहेर जाते. त्याच रिमवर 285 चढवला तर निम्मी रुंदी 142.5, म्हणजे आत 172.5 आणि बाहेर 112.5. थोडक्यात, दोन्ही बाजूंना 10 मिमी वाढले.

समजा, जुन्या टायरपासून वरच्या कंट्रोल आर्मपर्यंत (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यापर्यंत) 18 मिमी फट होती. ती आता 8 राहिली. चिखलाचा एक थर किंवा एखादा खडा अडकला की संपलं. इथे 25 मिमीचा स्पेसर लावला तर हबचा पृष्ठभागच 25 मिमी बाहेर सरकतो. टायरची आतली बाजू 147.5 वर येते आणि फट 33 होते. बाहेरची बाजू मात्र 137.5 वर जाते, मूळपेक्षा 35 मिमी जास्त. आत जे मिळालं त्याची किंमत बाहेर मोजली.

ET30 ची रिम आणि 25 चा स्पेसर यांची बेरीज ET5 च्या रिमसारखीच होते. चाक एकाच जागी बसतं आणि बेअरिंगवर येणारा जादा भारही सारखाच. ‘स्पेसरने बेअरिंग जातात, रिम बदलली तर जात नाहीत’ असं सांगणारे भेटतील. बेअरिंगला फक्त चाक किती बाहेर आहे एवढंच कळतं. खरा फरक वेगळाच आहे, स्पेसरमुळे नट-स्टडचा एक संपूर्ण जोड वाढतो आणि तो चाकामागे झाकलेला राहतो. म्हणून रिम तशीही बदलायची असेल, तर योग्य ऑफसेटची रिम घ्या आणि स्पेसर विसरून जा. मूळ रिम चांगल्या आहेत, त्या ठेवायच्या आहेत आणि आत 15-20 मिमी हवेत, अशा वेळी स्पेसर हा रास्त उपाय आहे.

पायरी 4: चाक वर आणि स्टेअरिंग वळवून मोजा

या पायरीला अख्खी सकाळ द्या. टायर विकत घेण्याआधी.

आधी गाडी सपाट जागी उभी करा. स्टेअरिंग सरळ, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे ठेवून प्रत्येक वेळी टायरपासून जवळच्या वस्तूपर्यंतची फट लिहा. बघायच्या जागा अशा: वरचा कंट्रोल आर्म आणि त्याचा बॉल जॉइंट, अँटी-रोल बार, चॅसी, चाकाच्या मागच्या बाजूला बॉडी चॅसीला जिथे बोल्टने बसते तो माउंट, बंपरचा खालचा कोपरा, प्लॅस्टिकचं लायनर आणि मडफ्लॅप. ब्रेकच्या होजला विसरू नका. प्लॅस्टिकला घासलं तर आवाज येतो, होजला घासलं तर ब्रेक जातात.

आता चाक किती वर जाऊ शकतं ते काढा. सरळ अॅक्सलच्या गाडीत अॅक्सल आणि बंप स्टॉप यांच्यामधलं अंतर मोजलं की साधारण तेवढंच चाक वर जाणार. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये बंप स्टॉप कंट्रोल आर्मच्या मधेच कुठेतरी टेकतो. तो आर्मच्या निम्म्या लांबीवर असेल तर तिथले 40 मिमी म्हणजे चाकाचे 80. यात बंप स्टॉपचं रबर दबून आणखी थोडं वर जातं, तेही धरा.

मग पुठ्ठा घ्या. नव्या टायरच्या त्रिज्येचं, इथे 415 मिमीचं, अर्धवर्तुळ कापा. मध्यभागी हबची खूण करा. चाक काढून, गाडी पक्क्या जॅक स्टँडवर ठेवून, हा पुठ्ठा चाकाच्या पोकळीत धरा आणि खूण हबच्या वर मोजलेल्या अंतराइतकी सरकवा. पुठ्ठा कुठे अडतो ते लगेच दिसतं. बहुतेकांचा अंदाज वरच्या फेंडरचा असतो, पण पुठ्ठा आधी अडतो तो पुढे बंपरच्या कोपऱ्याला नाहीतर मागे बॉडी माउंटला.

असं का, तर टायर वळतो तो स्वतःच्या मध्याभोवती नाही. वळण्याचा अक्ष वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जातो, आणि स्पेसर लावला की टायर त्या अक्षापासून आणखी लांब जातो. दाराचं बघा, बिजागरीजवळचा भाग जागच्या जागी फिरतो, कडीकडचा भाग मोठा फेरा घेतो. 25 मिमी बाहेर सरकलेलं चाक 35 अंश वळलं की त्याचा मध्य सुमारे 14 मिमी पुढे किंवा मागे जातो. डावं चाक डावीकडे वळताना मागे, उजवीकडे वळताना पुढे. मोठ्या टायरमुळे त्रिज्येत आलेले 14 मिमी यात मिळवा. म्हणजे बंपर किंवा मागच्या माउंटच्या दिशेने 28 मिमी जागा एका झटक्यात गेली. आतलं घासणं थांबवायला लावलेला स्पेसर बाहेरचं घासणं सुरू करतो, ते असं. लोक मग त्याहून जाड स्पेसर आणतात आणि त्रास वाढवून घेतात.

स्प्रिंग काढून चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत नेऊन बघणं ही सगळ्यात खात्रीची रीत, पण दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर जीवघेणी ठरते. सवय नसेल तर हे काम गॅरेजकडे द्या. स्वतःला करायचं असेल तर पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरप्या बाजूचं मागचं चाक उंचवट्यावर हळू चढवा, म्हणजे त्या दोन्ही चाकांचं सस्पेन्शन दबतं. आधी जिथे शंका आहे तिथे चॅसीवर आणि माउंटवर खेळण्याची मऊ क्ले सुपारीएवढी चिकटवा आणि टायरच्या खांद्याला खडूने पट्टा ओढा. गाडी उतरवल्यावर क्ले किती चपटली ते बघायचं आणि खडू कुठे उमटला ते. मी आत धातूपाशी किमान बोटभर, म्हणजे 12-15 मिमी फट सोडतो. हवा कमी केली की टायरची कूस फुगते आणि ऑफरोडला आपण हवा कमी करतोच.

प्लॅस्टिकच्या लायनरला पूर्ण वळणावर किंचित स्पर्श होत असेल तर हीट गनने लायनर थोडं मागे दाबून भागतं. चॅसी, आर्म किंवा होजला स्पर्श मात्र चालणार नाही. त्याला इलाज म्हणजे कमी रुंदीचा टायर, वेगळा ऑफसेट किंवा स्टेअरिंगचा लॉक स्टॉप, म्हणजे चाक कुठवर वळेल ती अडवणूक, थोडा अलीकडे घेणं. लॉक स्टॉप अलीकडे घेतला तर गाडीला वळायला जास्त जागा लागेल, हे मान्य असेल तरच.

पायरी 5: स्पेसर घ्यायचाच ठरला तर

दोन जाती आहेत. एक नुसती चकती, जी स्टडवर सरकवायची आणि वरून चाक लावायचं. ही जितकी जाड, तितका नटाला मिळणारा आटा कमी. साधा नियम असा, की नट स्टडच्या जाडीइतका तरी आत बसला पाहिजे. M12×1.5 स्टडवर याचा अर्थ पूर्ण 8 फेरे, M14×1.5 वर 9 ते 10. चकती बसवून नट हाताने फिरवा आणि मोजा. मूळ स्टडवर 5 मिमीपेक्षा जाड चकती मी कधीच लावणार नाही. 10-15 मिमी हवे असतील तर हबमधले स्टडच लांब घालावे लागतात.

दुसरी जात बोल्ट-ऑन. ती स्वतःच्या नटांनी हबला आवळली जाते आणि तिच्यात वेगळे स्टड असतात, ज्यांवर चाक बसतं. ही साधारण 25 मिमीपासून पुढे मिळते. ऑफरोड गाडीसाठी हीच. माझी वरची मर्यादा 32 मिमी. त्याहून जास्त हवं असेल तर तो इशारा समजा, की टायर जास्त रुंद आहे किंवा रिमच बदलायला हवी. एकावर एक दोन स्पेसर तर कधीच लावू नका.

घेताना पीसीडी सगळेच बघतात, सेंटर बोअर बघत नाहीत. 6×139.7 हा पीसीडी टोयोटा हायलक्सचाही आहे आणि फोर्ड रेंजरचाही, पण हायलक्सचा बोअर 106.1 मिमी आणि रेंजरचा 93.1. हायलक्सचा स्पेसर रेंजरच्या स्टडवर बसेल, पण मध्ये 13 मिमीची पोकळी राहील आणि चाक अचूक मध्यावर येण्याची हमी राहणार नाही. आतून हबच्या ओठावर नेमका बसणारा आणि बाहेरच्या बाजूला रिमसाठी तेवढाच ओठ असलेला, म्हणजे हब-सेंट्रिक स्पेसर घ्या. तो लावल्यावर हाताला जराही हलता कामा नये.

आणखी एक माप नेहमी राहून जातं. मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावतो का? ब्रेक डिस्क जागेवर ठेवून स्टडची बाहेर आलेली लांबी व्हर्नियरने मोजा. ती 34 मिमी आणि स्पेसर 30 चा असेल तर 4 मिमी टोक बाहेर येणार. बऱ्याच अलॉय रिमच्या मागे नटांच्या भोकांच्या मधोमध खोलगट खिसे असतात, त्यात ते मावतं. स्टीलच्या रिमला सहसा असे खिसे नसतात. मग रिम स्पेसरवर न टेकता त्या टोकांवर टेकते. नट आवळल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात चाक सैल असतं.

माल 6061-T6 किंवा 7075-T6 अॅल्युमिनियमचा, बिलेट (अखंड ठोकळ्यातून कोरलेला) किंवा फोर्ज केलेला (घडीव) असावा आणि स्टड 10.9 ग्रेडचे. ओतीव मालाचे, कसलीही खूण नसलेले स्वस्त स्पेसर घेऊ नका. नटाची बैठक रिमशी जुळते का तेही बघा. शंकूच्या बैठकीच्या रिमला वायसरवाला सपाट नट चालत नाही, आणि उलटही चालत नाही.

एक काम मागे राहिलं. तुम्ही जिथे गाडी चालवता तिथले नियम आणि तुमची विमा पॉलिसी वाचा. काही ठिकाणी स्पेसरला बंदी आहे, काही ठिकाणी तपासणी करून नोंद करावी लागते. टायर फेंडरच्या बाहेर डोकावणं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. पुढून येणाऱ्याच्या काचेवर दगड उडतात, हे कारण पटण्यासारखंच आहे.

पायरी 6: बसवताना

माझ्या गाडीला पहिल्यांदा स्पेसर बसवले ते एका गॅरेजमध्ये. काम वीस मिनिटांत झालं आणि मी खूश होतो. दीडेकशे किलोमीटरनंतर मागून डाव्या बाजूने हलका टक-टक आवाज यायला लागला, फक्त गाडी निघताना आणि थांबताना. बाहेरचे नट तपासले, सगळे घट्ट. चाक काढलं तेव्हा स्पेसरच्या आतल्या सहापैकी दोन नट बोटांनी फिरले. स्पेसर उतरवला तर हबच्या पृष्ठभागावर नखाएवढी गंजाची खपली दबून भुगा झालेली. बसवताना ती तशीच राहिली होती.

तेव्हापासून हे काम मी स्वतःच करतो. चाकाचा भार पेलतं ते नटांच्या आवळणीने दोन पृष्ठभागांमध्ये तयार होणारं घर्षण. मध्ये गंज, रंग किंवा माती राहिली तर ती पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये दबते, तेवढी आवळणी ढिली पडते आणि नट फिरायला लागतात. म्हणून हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. स्टडच्या मुळाशी, जिथे ब्रश पोचत नाही, तिथलाही गंज काढा. डिस्कला धरून ठेवणाऱ्या पातळ क्लिपा स्टडवर असतील तर त्या काढा. हबच्या ओठावर अँटी-सीझचा (भाग गंजून चिकटू न देणाऱ्या पेस्टचा) अगदी पातळ हात चालेल, आट्यांवर मात्र काही लावू नका. टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात, ग्रीस लावून तेवढाच टॉर्क दिला तर स्टड जास्त ताणला जातो. स्पेसरच्या आतल्या नटांना थ्रेडलॉकर (नट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावायला त्याच्या कंपनीने सांगितलं असेल तर तेवढंच, सांगितलेलंच लावा.

नट आधी हाताने पूर्ण फिरवा. मग समोरासमोरचे नट घेत, ताऱ्याच्या आकृतीत, आधी निम्म्या टॉर्कवर आणि मग पूर्ण टॉर्कवर आवळा. इम्पॅक्ट गन शेवटच्या आवळणीला वापरू नका. बऱ्याच गाड्यांत M12 स्टडला 100 ते 120 न्यूटन-मीटर टॉर्क असतो आणि M14 ला त्याहून बराच जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे, आतल्या नटांसाठी स्पेसरच्या कागदावर. टॉर्क रेंच नसेल तर तो आधी घ्या, स्पेसर नंतर.

पूर्ण आवळल्यावर प्रत्येक आतल्या नटापासून स्पेसरच्या अंगापर्यंत पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

पायरी 7: पहिले काही दिवस

पहिले दहा किलोमीटर हळू चालवा. स्टेअरिंग थरथरत असेल तर टायरच्या बॅलन्सिंगला दोष देण्याआधी स्पेसर मध्यावर बसलाय का ते बघा. परत आल्यावर चाकाच्या पोकळीत टॉर्च मारा. जिथे घासलं तिथे धूळ पुसलेली आणि पृष्ठभाग चमकता दिसतो.

50 ते 100 किलोमीटरच्या आत चारही चाकं उतरवून आतले नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, मग चाकं चढवून बाहेरचे. नुसते बाहेरचे तपासणं म्हणजे अर्धंच काम. त्यानंतर दर वेळी टायर आलटून-पालटून लावताना आणि प्रत्येक खडतर सफरीनंतर रेघा बघायच्या.

व्हील अलाइनमेंट करून घ्या. लिफ्टनंतर कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे असलेला कल, बदललेला असतो. तो सुधारला नसेल तर मोठ्या टायरवर गाडी सरळ रेषेत भटकते, शिवाय कॅस्टर बदलला की चाक पोकळीत पुढे-मागे सरकतं, म्हणजे पुठ्ठ्याने घेतलेलं मापही बदलू शकतं. अलाइनमेंट झाल्यावर पूर्ण वळणावरच्या फटी पुन्हा एकदा मोजा आणि वहीत जुन्या आकड्यांशेजारी लिहा. पॅनहार्ड रॉड (अॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) असलेल्या गाडीत लिफ्टमुळे अॅक्सल एका बाजूला सरकतो, त्यामुळे डाव्या-उजव्या फटींत फरक दिसला तर स्पेसरने तो झाकू नका, रॉडची लांबी जुळवून घ्या. हेडलाइट खाली झुकवायचं आणि स्पीडोमीटर नव्या टायरला जुळवता येत असेल तर तेही याच फेरीत उरका.

गाडीत आता एक जादा पाना ठेवा. स्पेसरच्या आतल्या नटांचा साइझ चाकाच्या नटांपेक्षा बऱ्याचदा वेगळा असतो आणि आतल्या खाचेत जाड सॉकेट शिरत नाही. त्यात बसणारं पातळ भिंतीचं सॉकेट, टॉर्क रेंच आणि दोन जादा नट एका पिशवीत घालून स्टेपनीशेजारी बांधून ठेवा.